एक्केचाळिसावं गाणं

मुलांनो, आज डोळे मिटू नका. उघडेच ठेवा आणि माझ्याबरोबर एक स्वयंपाकघर उभं करा. लहानसंच आहे. खिडकीच्या काचेवर समुद्राकडून आलेलं मीठ बसलंय, त्यामुळे बाहेरची गल्ली धुरकट दिसते. टेबलाभोवती माणसं सहा आणि खुर्च्या चार. मंगळवार आहे, दुपारचा पाऊण वाजत आलाय. खिडकीत रेडिओ आहे आणि रेडिओच्या अगदी तोंडाशी दहा वर्षांची एक मुलगी वही उघडून बसलीय. वहीत तिने एकाखाली एक चाळीस आकडे आधीच लिहून ठेवलेत. प्रत्येक आकड्यापुढची जागा कोरी आहे.

दिसलं? मग आता सांगतो.

मुलीचं नाव लोर्ना बर्केट. मी तिचा वर्गशिक्षक, फिअरन सर. गावाचं नाव सँडरिग. पोलादाचा कारखाना, लहानसं बंदर आणि रेकॉर्डचं एकच दुकान, असं आमचं गाव. साल एकोणीसशे एकोणऐंशी. त्या काळी देशात सगळ्यांत जास्त खपलेल्या चाळीस गाण्यांची यादी दर मंगळवारी दुपारी रेडिओवर वाचली जायची. चाळीसपासून सुरुवात आणि एकावर शेवट. शाळेत मुलं कोटाच्या आत ट्रान्झिस्टर लपवून आणायची आणि मी तो दिसला नाही असं दाखवायचो, कारण मलाही ऐकायचं असायचं.

आमच्या गावच्या साप्ताहिकात मी त्या यादीवर दर शुक्रवारी अर्धा रकाना लिहीत असे. कोणतं गाणं चढलं, कोणतं घसरलं, कोणतं जागेवरच बसून राहिलं आणि माझ्या मते का. वर्गात प्रगतिपुस्तकं लिहायचो, तसंच लिहायचो. चढलेल्याला शाबासकी, घसरलेल्याला थोडा धीर. कारखान्यातले लोक त्यावरून जेवणाच्या सुट्टीत भांडायचे. ऑलिव्ह मॉसॉप नावाच्या म्हाताऱ्या बाई होत्या, बर्केट कुटुंबाच्या शेजारी. त्या मला भर रस्त्यात अडवायच्या. "काय हो मास्तर, माझ्या आवडत्या गाण्याला 'दमलेलं' म्हणालात? तुम्हीच दमलेले दिसताय!"

लोर्नाला यादीचं वेड लावलं तिच्या भावाने. ग्लेन तिच्याहून बारा वर्षांनी मोठा. दिवसा कारखान्यात, संध्याकाळी दोन मित्रांबरोबर गाणी. त्या जानेवारीत ते तिघे मँचेस्टरला जाऊन एक गाणं रेकॉर्ड करून आले. 'दोन नंबरची बस.' कारखान्यापासून समुद्रकिनाऱ्यापर्यंत जाणारी बस आणि तिच्यातली खडूस कंडक्टरबाई, एवढंच गाणं. पण ऐकताना पाय हलायचे. ग्लेन आईला म्हणाला होता, "बघशील तू, एक दिवस तुझ्या याच रेडिओतून माझं नाव येईल."

आई, म्हणजे मेव्हिस, म्हणाली होती, "येईल तेव्हा येईल. आधी तुझे मोजे बादलीतून काढ."

मार्चमध्ये किनाऱ्याच्या रस्त्यावर ग्लेनची मोटरसायकल घसरली. तो घरी आला नाही.

त्या दिवसापासून मेव्हिसने रेडिओचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवलं. लोर्ना मंगळवारी शेजारी ऑलिव्हबाईंकडे जाऊन यादी लिहून घ्यायची, पण वही आईसमोर उघडायची नाही.

ऑक्टोबरात ग्लेनच्या मित्रांनी ती रेकॉर्ड काढली. खोकी भरभरून डॉक्रेबाईंच्या रेकॉर्डच्या दुकानात आणून ठेवली. डॉक्रेबाईंचं दुकान साधं नव्हतं बरं का. देशभरात जी थोडी दुकानं मोजणीसाठी निवडलेली असत, त्यांतलं ते एक. कोणती दुकानं निवडलीत हे गुपित असतं. आणि सँडरिगमध्ये गुपित म्हणजे शनिवारपर्यंत सगळ्यांना माहीत. डॉक्रेबाईंकडे एक जाड वही होती. विकलेल्या प्रत्येक रेकॉर्डचा नंबर त्या तीत हाताने लिहायच्या आणि आठवड्याच्या शेवटी वही लंडनला पाठवायच्या.

आता माझी चूक सांगतो. वर्गात गुणाकार-भागाकार शिकवायला मी नेहमी त्या यादीचा उपयोग करत असे. मुलांना सांगितलं होतं, की सगळ्या दुकानांत मोजत बसणं शक्य नाही, म्हणून थोड्या दुकानांवरून अंदाज काढतात. डॉक्रेबाईंकडे एक रेकॉर्ड खपली, म्हणजे देशात वीस खपल्या असं धरतात. मला तरी तसं वाटत होतं. आणि चाळिसाव्या गाण्याचा खप आठवड्याला साधारण साडेसात हजार असतो.

एका सोमवारी सकाळी, मी हजेरी घ्यायच्या आधीच, लोर्ना उठून फळ्यापाशी गेली. खडू घेतला आणि काही न बोलता गणित मांडलं. साडेसात हजार भागिले वीस. तीनशे पंचाहत्तर.

"सर, बरोबर आहे?"

"अगदी बरोबर."

"पाच जास्त धरते. कुणी विसरलं तर." तिने तीनशे ऐंशी लिहिलं आणि भोवती चौकट काढली. मग वर्गाकडे वळली. "एवढ्या घ्यायच्या. या शनिवारपर्यंत. डॉक्रेबाईंकडूनच."

बत्तीस मुलं घरी गेली आणि बत्तीस घरांत तेच बोलणं झालं. त्या आठवड्यात डॉक्रेबाईंच्या दुकानासमोर जी रांग लागली, तशी आमच्या गावात फक्त कोळसा येणार नाही अशी आवई उठायची तेव्हा लागायची. भट्टीवरचे कामगार आले, नर्सा आल्या, ज्यांच्या घरात रेकॉर्ड वाजवायचं यंत्रच नाही अशा म्हाताऱ्या आल्या. "ते बसवालं द्या हो."

"बसवालं म्हणजे दोन नंबरची बस?" डॉक्रेबाई विचारायच्या.

"आता मला काय नंबर माहीत! बर्केटच्या पोराचं द्या."

ग्लेनचा बाप, स्टॅन बर्केट, गुरुवारी कामाच्या कपड्यांतच आला. लोक बाजूला झाले. कुणीतरी म्हणालं, "स्टॅन, तू कशाला? आम्ही घेतोय ना." तो म्हणाला, "मला एक पाहिजे." एकच घेतली, कोटाच्या आत छातीशी धरली आणि गेला.

शनिवारी संध्याकाळी आकडा तीनशे ऐंशीवर पोहोचला. तीनशे ऐंशीवी मी घेतली. डॉक्रेबाई मनगट चोळत म्हणाल्या, "मास्तर, तोच नंबर लिहून लिहून माझा हात आता झोपेतही लिहायला लागलाय."

आणि मेव्हिसने रविवारी रेडिओ वळवला. तोंड खोलीकडे केलं, फडक्याने पुसला. लोर्ना शाळेत येऊन मला म्हणाली, "सर, आईने सेल नवीन घातलेत." इतकंच. पण सांगताना तिचा चेहरा असा होता, की मी पुढचा तास भूगोलाऐवजी गोष्टी सांगण्यात घालवला.

आता परत त्या स्वयंपाकघरात चला. मेव्हिस आणि स्टॅन, लोर्ना, ऑलिव्हबाई, दुकानाला कुलूप लावून आलेल्या डॉक्रेबाई, आणि दाराच्या चौकटीला टेकून मी. टेबलावर जिंजरब्रेड कापून ठेवलंय, पण कुणी हात लावलेला नाही.

निवेदकाने चाळीस नंबर वाचला. ग्लेन नव्हता.

"बरं झालं," ऑलिव्हबाई म्हणाल्या. "चाळीस म्हणजे काय, पायपुसण्यावर उभं राहणं. आत यायला पाहिजे पोराने."

एकोणचाळीस. नाही. अडतीस. नाही.

"वर आहे," स्टॅन हळूच म्हणाला.

तुम्हाला समजतंय ना काय होत होतं? यादी खालून वर जाते. प्रत्येक नंबरला ग्लेनचं नाव आलं नाही, की त्या खोलीतल्या माणसांना वाटायचं, मग तो आणखी वर असणार. पस्तिसाला डॉक्रेबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली. नऊ वर्षं मी त्या यादीवर लिहीत होतो. लहानशा कंपनीचं, कुणी न ऐकलेलं गाणं पहिल्याच आठवड्यात तिसाच्या वर येत नाही. तिसाव्या नंबरला मला कळून चुकलं होतं. पण तिसाव्या नंबरलाच मेव्हिस हसली. मार्चनंतर मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं. मी काय बोलणार होतो?

"तिसाच्या वर!" ती म्हणाली. "स्टॅन, ऐकलंस का? आपला ग्लेन तिसाच्या वर!"

लोर्ना लिहीत होती. प्रत्येक गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, पुढे चढल्याचा किंवा घसरल्याचा बाण. अक्षर कुठे बिघडलं नाही. वीस झालं. पंधरा झालं. दहा झालं तेव्हा खोलीत फक्त रेडिओ बोलत होता.

"अजून नऊ आहेत," ऑलिव्हबाई म्हणाल्या. पण आवाज उतरला होता.

आणि मग निवेदक म्हणाला, "दोन नंबर..."

ऑलिव्हबाई खुर्चीतून उठल्याच. "बस! बस! आली!" त्यांनी टाळ्या वाजवल्या. निवेदकाने पुढचं वाक्य पूर्ण केलं. दोन नंबरवर दुसरंच कुठलंतरी गाणं होतं. ऑलिव्हबाई टाळीसाठी उचललेले हात तसेच धरून उभ्या राहिल्या, मग त्यांनी ते ॲप्रनला पुसले.

मेव्हिस अजून थांबली होती. खरंच सांगतो, ती एक नंबरचीही वाट बघत होती. दोन्ही हात हनुवटीखाली धरून, मान जरा कलती करून. एक नंबरचं गाणं सुरू झालं आणि पूर्ण तीन मिनिटं वाजलं. रेडिओ बंद करायला कुणी पुढे झालं नाही.

गाणं संपल्यावर ती म्हणाली, "चहा कोण कोण घेणार?" आणि रेडिओचं तोंड पुन्हा भिंतीकडे फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डॉक्रेबाई शाळेच्या फाटकापाशी आल्या. डोक्याला रुमाल बांधलेला, डोळे लाल.

"लंडनहून फोन आला होता सकाळी. मोजणीच्या ऑफिसातून," त्या म्हणाल्या. "पोरगीच होती कुणीतरी. बोलायला गोड. म्हणाली, बाकी सगळ्या देशात त्या रेकॉर्डच्या अकरा खपल्या आणि तुमच्या एका दुकानात तीनशे ऐंशी. असं दिसलं की आम्ही तो आकडा काढूनच टाकतो."

"का?"

"कंपन्या माणसं पाठवून आपल्याच रेकॉर्ड विकत घेतात म्हणे. यादीत घुसायला. म्हणून नियम आहे." त्यांनी रुमालाची गाठ ओढली. "मी म्हटलं, अगं बाई, कंपनी कसली? पोरगा गेलाय आमचा. ती म्हणाली, मला फार वाईट वाटतं, पण आमच्याकडे फक्त आकडे येतात."

खरं तर मला हे ठाऊक असायला हवं होतं. यादीवर नऊ वर्षं लिहिणाऱ्या माणसाने मुलांना भागाकार शिकवला, पण मोजणारे लोक काय बघून संशय घेतात ते कधी विचारलं नाही. गाव दहा गावांत पांगून खरेदीला गेलं असतं, तर कदाचित आकडा टिकला असता. पण आमच्या लोकांना ते सुचणारच नव्हतं. आपल्या पोराची रेकॉर्ड आपल्याच गावातून घ्यायची, यात लपवायचं काय?

शाळा सुटल्यावर लोर्नाला थांबवून घेतलं. तिच्या बाकावर तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे माझं गणित चुकलं?"

"नाही. गणित बरोबर होतं."

"मग आपण लबाडी केली?"

"नाही गं. त्यांना तशी वाटली."

"पण मग ग्लेन किती नंबरला आला?"

"कितीलाच नाही, लोर्ना. त्यांनी मोजलंच नाही."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर पोरं चेंडू भिंतीवर मारत होती. मग तिने विचारलं, "रेडिओवर चाळीसच वाचतात ना सर? पण यादी पुढे असते?"

"असते. पंचाहत्तरपर्यंत. पण ती छापून येते, आणि ते मासिक गावात माझ्याशिवाय कुणी घेत नाही."

मी हे असंच सांगून टाकलं. शिक्षकाची खोड. प्रश्न आला की उत्तर द्यायचं. मुलाने तो का विचारला, हे बघायचं राहून जातं.

गुरुवारी शाळेतून घरी जाताना बर्केटांच्या गल्लीतून निघालो होतो. मेव्हिस दारातली पायरी घासत होती. मला बघून ती उठली, हात ॲप्रनला पुसत रस्त्यातच आली.

"फिअरन सर! एक्केचाळीस! काल सांगितलं का नाहीत?"

"काय एक्केचाळीस?"

"असं काय करता! लोर्नाने सांगितलं ना मला. ग्लेन एक्केचाळीसवर आहे. रेडिओवाले चाळीसच वाचतात, म्हणून आपल्याला कळलं नाही. एकाने हुकला हो! एकाने!" तिचे गाल लाल झाले होते. "आणि आम्ही इथे मय्यतीला आल्यासारखे बसलो होतो. ऑलिव्ह तर घरी जाऊन रडली. वेडी कुठली."

तिच्या मागे, दाराच्या आत, लोर्ना उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. विनवणी नव्हती त्या नजरेत. परीक्षेत कोरी उत्तरपत्रिका देताना मुलं जशी बघतात, तशी ती बघत होती.

मुलांनो, त्या क्षणी मी खरं सांगायला हवं होतं. मोठा मी होतो. पण मेव्हिसचे ओले हात माझ्या बाहीवर होते आणि सात महिन्यांत पहिल्यांदा ती कुणाच्या अंगाला हात लावून बोलत होती. मी म्हणालो, "हो का?" आणि पुढे निघालो.

शुक्रवारी माझं सदर छापून आलं. ते लिहायला मला एवढा वेळ कधीच लागला नव्हता. एक नंबरचं लिहिलं, दोन नंबरचं लिहिलं, चढलेल्या-घसरलेल्यांचं लिहिलं. आणि शेवटी, खोटं लिहायचं नाही आणि खरंही लिहायचं नाही म्हणून, एक वाक्य घातलं: "या आठवड्यात चाळीसच्या खाली दाराशी बरीच गर्दी आहे." वाक्यात चूक काही नव्हती. चाळीसच्या खाली कुणी ना कुणी असतंच. पण माझ्या आयुष्यात मी लिहिलेलं सगळ्यांत लबाड वाक्य ते. मेव्हिसने ते कात्रीने कापलं आणि रेडिओच्या बाजूला चिकटवलं. ज्याला त्याला दाखवायची. "बघा, सरांनी नाव घेतलं नाही, पण कळतं ना कुणाबद्दल आहे ते."

मग ते सुरू झालं, ज्याचा लोर्नाने आणि मी दोघांनीही विचार केला नव्हता. मेव्हिसला यादी चांगली कळत होती. तिचं पोर घरात रोज त्याच गोष्टी बोलायचं. एक्केचाळीसवरचं गाणं पुढच्या आठवड्यात चढू शकतं, हे तिला माहीत होतं. एकच पायरी तर होती. तिने पडदे धुतले. सकाळी रेडिओ लावायला लागली. शनिवारी दुकानात जाऊन आणखी दहा रेकॉर्ड घेतल्या. डॉक्रेबाईंनी त्या बांधून दिल्या, नंबर वहीत लिहिला आणि गिऱ्हाईक उभं असताना आत जाऊन बसल्या.

तोपर्यंत लंडनच्या फोनची गोष्ट गावभर झाली होती. सगळ्यांना माहीत, फक्त मेव्हिसला नाही. ती समोर आली की लोक हवेबद्दल बोलायचे. स्टॅनला कुणी सांगितलं का, मला ठाऊक नाही. तो जास्त वेळ कामावर राहायला लागला.

सोमवारी मेव्हिस स्वतः शाळेच्या फाटकाशी आली. "उद्या पाऊण वाजता यायचं हं सर. सगळ्यांना बोलावलंय. मागच्या वेळी जिंजरब्रेड कुणी खाल्लंच नाही, म्हणून उद्या जॅमचे टार्ट करतेय. ग्लेनला आवडायचे." मग वाकून, गुपित सांगावं तशी म्हणाली, "पस्तीस-छत्तीसच्या वर जाणार नाही म्हणा. मी काही वेडी नाही."

त्या दिवशी वर्गात लोर्नाने एकही गणित सोडवलं नाही. मी जवळ गेलो.

"आपण दोघांनी मिळून सांगू या का तिला?" मी विचारलं. "मी येतो संध्याकाळी."

"आज ती टार्ट करतेय," लोर्ना म्हणाली.

मी तेवढ्यावर गप्प बसलो. हेही माझ्या खात्यावर जमा.

मंगळवार. तेच स्वयंपाकघर, पण पडदे पांढरेशुभ्र, आणि काचही धुतलेली, त्यामुळे गल्ली स्वच्छ दिसत होती. तीच सहा माणसं. ऑलिव्हबाई तोंडात टार्ट धरून बसल्या होत्या म्हणजे बोलावं लागू नये. डॉक्रेबाईंनी पर्स मांडीवर घट्ट धरली होती. स्टॅन उभाच होता. मेव्हिसने निळा ड्रेस घातला होता आणि केसांना पिना लावल्या होत्या.

"लोर्ना, वही कुठाय तुझी?" तिने विचारलं. "आकडे नाही का घातलेस?"

लोर्नाच्या हातात वही नव्हती. ती नेहमीच्या जागी, रेडिओच्या तोंडाशी बसली होती.

"काय गं, विसरलीस होय? जा, घेऊन ये पटकन. बातम्या चालल्यात अजून."

लोर्ना हलली नाही. बातम्या संपल्या. यादीच्या आधीचं ते ठरलेलं संगीत सुरू झालं. मेव्हिसने दोन्ही हात हनुवटीखाली धरले आणि मान जरा कलती केली.

निवेदक म्हणाला, "आणि या आठवड्यात चाळीस नंबरवर..."

मेव्हिस रेडिओकडे एक पाऊल पुढे सरकली.

लोर्नाने हात पुढे केला आणि रेडिओ बंद केला.

"अगं ए!" मेव्हिस ओरडली. "काय करतेस! लाव, लाव लवकर, जाईल ना!"

"आई, ग्लेन एक्केचाळीसवर नव्हता."

"लाव म्हणते ना!"

"तो एक्केचाळीसवर नव्हता. मी खोटं बोलले. तो यादीत कुठेच नव्हता. त्यांना वाटलं आपण लबाड आहोत, म्हणून त्यांनी त्याचा आकडा काढून टाकला. आजही तो नाहीये."

मेव्हिसने आमच्याकडे पाहिलं. आधी स्टॅनकडे, मग ऑलिव्हबाईंकडे, मग डॉक्रेबाईंकडे आणि सगळ्यांत शेवटी माझ्याकडे. आमच्यातल्या एकानेही मान वर केली नाही, त्यामुळे तिला उत्तर मिळालं. ती खाली बसली. खुर्ची थोडी बाजूला होती, तरी कशीबशी बसली. निळ्या ड्रेसवर पिठाचा एक डाग होता, त्यावर ती बोट फिरवत राहिली.

मला वाटलं, आता ती आक्रोश करेल, किंवा पोरीला मारेल, किंवा आम्हाला हाकलून देईल. तसं काही झालं नाही. ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "पुन्हा सांग. मला नीट कळलं नाही."

लोर्ना खुर्चीवरून उतरली. आईच्या गुडघ्यांपाशी जमिनीवर बसली, तिचं डागावरचं बोट आपल्या मुठीत धरलं, आणि फळ्यावरच्या भागाकारापासून सगळं पुन्हा सांगायला लागली. एकही गोष्ट न गाळता.